मस्कतचं विमान आणि दुपारची भरती

मस्कतहून मुंबईला विमानाने यायला किती वेळ लागतो, हे आज मला कुणीही विचारावं. अडीच तास. अंतर दीड हजार किलोमीटरच्या थोडं वर. आणि मुंबईच्या विमानतळावरून तारापूरच्या पुढे आमच्या गावात यायला? तेही अडीच तासच, चिल्हार फाट्याला ट्रक आडवे नसतील तर. म्हणजे अख्खा समुद्र ओलांडायला जेवढा वेळ, तेवढाच विरार, मनोर आणि बोईसर ओलांडायला.

काही वर्षांपूर्वी हेच विचारलं असतंत, तर मी चार तास म्हणून सांगितलं असतं. तेही अशा तोऱ्यात की विमान चालवणाऱ्यानेही मान डोलवावी. तेव्हा मी नुकतीच आजी झाले होते आणि आजी झाल्यावर बाईला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. ती बाई आज कुठे भेटली तर मी तिचा कान धरीन. पण काय उपयोग, कानांचा वापर तिने तेव्हाही केला नव्हता.

चार तास कुठून आले ते सांगते. माझा मुलगा मस्कतला बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करायला गेला, त्याचं तिकीट आम्ही पालघरला स्टेशनजवळच्या दुकानात काढलं. त्यावर छापलं होतं, मुंबईहून दहाला निघणार, मस्कतला सव्वाअकराला पोहोचणार. पाच वर्षांनी तो कायमचा परत यायला निघाला, तेव्हाचंही तिकीट त्याच दुकानातून. मस्कतहून चारला निघणार, मुंबईला आठला पोहोचणार. जाताना सव्वा तास, येताना चार. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. आम्हाला आली नाही, कारण आमचा जन्म होड्यांत गेला. सकाळच्या वेळी आमच्याकडे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. बाहेर जाणाऱ्या होडीला तो पाठीला हात लावून नेतो आणि घरी येणारीला छातीवर हात ठेवून अडवतो. मी दोन्ही तिकिटं नवऱ्यापुढे धरली. तो आयुष्यभर तांडेल, होडीचा मुख्य माणूस. त्याने चष्मा वर करून आकडे पाहिले.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "सकाळचा येतो ना तो. वारा तोंडावर घ्यावा लागंल."

खरी गोष्ट एवढीच की मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालतं. तिकिटावर निघायची वेळ तिथली आणि पोहोचायची इथली छापतात. आता तुम्ही म्हणाल, पाच वर्षं मुलाशी फोनवर बोलत होतीस, तुला हे ठाऊक नव्हतं? होतं. आम्ही ताटं घासून मोकळे झालेलो असायचो आणि तो म्हणायचा, अजून जेवायला अवकाश आहे. पण तिकीट पालघरला काढलेलं, तर त्यावरची वेळही पालघरचीच असणार, असं माझं डोकं.

एरवी या चुकीने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तो ज्या दिवशी येणार होता, त्या दिवशी आमची नवी होडी पाण्यात उतरायची होती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण आम्ही धरलं होतं. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला पाणी सगळ्यात वर येतं, आणि आमची होडी किनाऱ्यावर इतकी वर बांधलेली होती की त्याच पाण्याने ती उचलली असती. ते चुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबायचं. तोवर जव्हारकडून आलेले खलाशी दुसऱ्या कुणाच्या होडीवर गेले असते.

आणि आमच्या गावचा एक रिवाज आहे. नवी होडी पहिल्यांदा पाण्याला लागते तेव्हा तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जो नारळ घेऊन उभा असतो, तोच तिचा तांडेल. नंतर बदलता येत नाही असं नाही, पण बदललं की गाव तोंड वाकडं करतं आणि खलाशी पाऊल मागे घेतात. नवऱ्याचे गुडघे गेले होते. नाळेवर आता दोघांपैकी एकजण उभा राहणार होता. एक आमचा मुलगा. दुसरा माझ्या दिराचा मुलगा, बाप लवकर गेल्यामुळे आमच्याच चुलीवर वाढलेला. मुलगा मस्कतला असताना पाच वर्षं काकाबरोबर समुद्रात हाच जात होता. मुलगा फोनवर म्हणाला होता, "बाबा, मी नोकरी सोडतो. होडी मी चालवीन." नवऱ्याने उत्तर दिलं होतं, "भरतीला जो हजर, तो चढंल. मी कोणाची वाट बघनार नाय, पानी पन नाय बघनार."

मला वाटलं, बोलायला बोलतो. मग त्याचं तोंड पाहिलं आणि कळलं की नुसतं बोलत नाही.

त्या दिवशी पहाटे तीनपासून मी फोन उशाशी घेऊन बसले. चारला विमान निघणार, म्हणजे त्याआधी त्याचा फोन येणार. आला नाही. पाच वाजले, सहा वाजले. गावातला एक जीपवाला त्याला आणायला उजाडायच्या आधीच निघाला होता. शेवटी साडेसातला फोन वाजला.

"आये, विमानाला दोन तास उशीर झाला. आता बसलो. दार लावतात."

"दोन तास?" मी म्हटलं.

"दोनच. घाबरू नको. पोचतो मी." आणि फोन बंद.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला निघायचं विमान साडेसातला निघतंय आणि हा दोन तास म्हणतोय. म्हणजे आईला धक्का बसू नये म्हणून कमी करून सांगतोय. पोटचं पोर, मला ओळखता येत नाही का. मग मी बोटांवर मोजलं. साडेसात आणि चार, साडेअकरा. सामान घेऊन बाहेर यायला बारा. तिथून अडीच तास. अडीच वाजता तो गावात येणार, आणि भरती एकला.

माझं मोजणं मोठ्याने चाललं होतं. सून तव्यावर भाकरी टाकत होती. ती माकुणसारची, मुलगा सुट्टीवर आला तेव्हा लग्न होऊन आलेली, बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी, चार माणसांत वावरलेली मुलगी.

"आई," ती म्हणाली, "ते म्हनतात की विमानाला अडीच तासच लागतात."

"तिकिटावर चार छापलंय."

"हो, पन तिकडचं घड्याळ..."

"तू होडीत बसलीस का कधी? वारा तोंडावर घेतलास कधी? भाकरी करपते बघ."

भाकरी करपत नव्हती. तिने ती उलटली आणि गप्प बसली. तेव्हा तिला घरात येऊन तीनच वर्षं झाली होती, म्हणून गप्प बसली. आज ती असं गप्प बसत नाही, आणि तशी ती झाली त्यात माझाच हात आहे.

इतक्यात जीपवाल्याचा फोन आला. मुलाचा फोन आल्याचं कळेना, म्हणून तो मनोरला चहा पीत थांबला होता. "काकी, विमानतळावर गाडी उभी करून देत नाय. कधी येतोय तो?"

"बाराच्या आधी काय येत नाय," मी सांगितलं. "तू आता जाऊन करतोस काय? झोप तिथंच."

तो माझा शब्द पाळणारा निघाला. हॉटेलमागे झाडाखाली गाडी लावून झोपला, आणि फोन चार्जिंगला काउंटरवर देऊन झोपला.

मी डोक्यावरून पदर घेऊन किनाऱ्यावर गेले. होडी सजवून तयार होती, निळी आणि पिवळी, खाली तेल लावलेले ओंडके. नवरा खुर्ची टाकून बसला होता. पुतण्या होडीच्या बाजूला उभा राहून दोर तपासत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी नवऱ्याच्या कानाशी वाकले.

"अवो, तो अडीचला येतोय. थोडं थांबा."

"पानी थांबवतेस तू? तर मी थांबतो."

"पोरगा नोकरी सोडून येतोय."

"हा बी पोरगाच हाय," तो पुतण्याकडे मान करून म्हणाला. "पाच वर्षं माज्याबरोबर भिजला तो. त्याला काय सांगू? थांब, विमान वाऱ्यात अडकलंय?"

 पुतण्या वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो चांगला होता. पाचही वर्षं पहिल्या जाळ्यातली चांगली सुरमई तो आधी माझ्या पाटीत टाकायचा.

साडेदहा वाजून गेले होते. किनाऱ्यावर माणसं जमायला लागली. सून धावत आली, हातात फोन. कुठलातरी अनोळखी नंबर होता.

"आये, गाडी कुठाय?"

"तू कुठून बोलतोस?"

"मुंबईतून. उतरलो. सामान घेतलं, भायेर उभा हाय. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतो. गाडी दिसत नाय."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत 'मी सांगितलं होतं' हे नव्हतं, आणि ते नसण्याचाच मला जास्त राग आला. तिने फोन माझ्या हातून घेतला. जीपवाल्याला तिने पाच-सहा वेळा फोन लावला, तो मनोरच्या काउंटरवर वाजत राहिला. मग तिने त्या अनोळखी नंबरावर फोन करून आपल्या नवऱ्याला सांगितलं, "टॅक्सी पकडा. जे मागंल ते द्या. बसल्यावर त्या टॅक्सीवाल्याचा नंबर मला द्या."

टॅक्सीवाले बोईसर म्हटलं की मान फिरवत होते. परत यायला भाडं मिळत नाही म्हणे. एकजण तयार होईपर्यंत अकरा वाजून गेले.

आता मी पुन्हा मोजायला लागले, पण या वेळी बोटं पुढे करायचं धाडस होईना. अकरा वाजून गेले आणि अडीच तास. दीड, पावणेदोन. पाणी एकला भरणार, मग जरा वेळ जागच्या जागी उभं राहणार, मग उतरायला लागणार. होडी उचलायला पूर्ण भरतीच लागते असं नाही. थोडं खाली गेलेलं पाणीही चालतं. किती थोडं, ते फक्त नवऱ्याला ठाऊक.

साडेबाराला पाणी मागच्या ओंडक्याला लागलं. पूजा सुरू झाली. आणि मग त्या बाईने, म्हणजे मी, जे काही केलं ते आठवलं की आजही हसू येतं. पहिल्यांदा मी नारळाला शेंडी नाही म्हणून तो परत पाठवला. दुसऱ्या नारळाला शेंडी होती, तर त्याला डोळा बरोबर नाही म्हटलं. मग बायकांना गाणी म्हणायला लावली. त्या एक गाणं संपवून थांबल्या, मी दुसरं धरलं, तेही संपलं, तेव्हा जे येत नव्हतं तेही धरलं. शेजारीण म्हणाली, "काकू, हे लग्नातलं हाय." मी म्हटलं, "होडीचं लग्नच हाय आज."

नवरा माझ्याकडे बघत होता. तो सगळं ओळखून होता. पण त्याने मला अडवलं नाही, आणि माझं गाणं संपत आलं की तोच कुणाला तरी हाक मारून हा दोर नीट बघ, तो ओंडका सरकव, असं सांगायचा. दोर मघाशीच नीट होता. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता एकच काम करत होतो.

टॅक्सीवाल्याचा नंबर लागला. "माताजी, मनोर छोड़ दिया," तो म्हणाला. "आगे ट्रकों की लाइन लगी है." मागून मुलाचा आवाज आला, "आये, बाबांना सांग." काय सांगू ते नीट ऐकू आलं नाही.

एक वाजून गेला. पाणी होडीच्या पोटाखाली खळखळ करत आलं. होडी जराशी हलली, गाईने पाठीवरची कातडी थरथरवावी तशी. मग पाणी थांबलं. वाळूवरची फेसाची रेघ जिथल्या तिथे राहिली. सगळेजण नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागले. खलाशी होडीला हात टेकून उभे होते. बायकांची गाणी संपली, माझीही.

मी शेवटचा उपाय केला. ओंडक्यांच्या वाटेवर बसले आणि पाय मुरगळला म्हणून सांगितलं.

"अगो, उठ," नवरा म्हणाला.

"उठवत नाय."

"उठ."

फेसाची रेघ खाली सरकली होती. बोटभर, दोन बोटं. मी तिच्याकडेच बघत होते. ओली वाळू तिच्या मागे उघडी पडत होती. नवरा खुर्चीतून उठला, त्याला उठायला वेळ लागला. तो पुतण्याकडे वळला आणि म्हणाला, "चढ."

पुतण्या चढला नाही. तो माझ्यासमोर आला आणि वाकून बसला. हातात नारळ होता.

"काकी," तो म्हणाला, "तू बोल. तू नाय बोललीस तर मी नाय चढत. मग होडी ऱ्हाऊ दे इथंच."

हे त्याने मोठ्याने म्हटलं नव्हतं. मी एकटीनेच ऐकलं. मी 'नको' म्हटलं असतं तर तो थांबला असता, खलाशी गेले असते, होडी पंधरवडाभर वाळूत कोरडी पडली असती, आणि पुढच्या उधाणाला माझा मुलगा नाळेवर चढला असता. हे सगळं मला त्या वेळी स्पष्ट दिसत होतं. आणि समोर पुतण्याचे डोळे होते. तो पाच वर्षांचा असताना ताप आला होता तेव्हा तो असाच बघत होता.

"चढ," मी म्हटलं. "आणि मला हात दे. पाय खरंच मुरगळलाय बसून बसून."

तो चढला. तीस-चाळीस माणसांनी खांदे लावले. पहिल्या जोरात होडी हलली आणि अडकली. पाणी खाली जात होतं. नवरा ओरडत होता, "मागं, मागं धरा, डावी बाजू." दुसरा जोर. ओंडके करकरले. होडी हातभर सरकली आणि पुन्हा अडली, मागचा भाग पाण्यात आणि पुढचा वाळूत. आता नाही गेली तर अर्धी अशीच मोडेल, असं मागे कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हा टॅक्सी आली. मी तिचा हॉर्न ऐकला, मागे वळून पाहिलं नाही. पायांचा आवाज आला, बूट घातलेले पाय. आमच्या किनाऱ्यावर बूट घालून कुणी धावत नाही. मुलगा माझ्या शेजारून गेला. त्याने वर नाळेकडे एकदाच पाहिलं. पुतण्याने वरून हात पुढे केला.

"ये वर."

"तू ऱ्हा उभा," मुलगा म्हणाला. "मी ढकलतो."

आणि विमानातले कपडे, काळे बूट, मनगटावर घड्याळ, तसाच तो पाण्यात उतरला आणि डाव्या बाजूला खांदा लावला. तिसऱ्या जोराला होडी गेली. पुतण्याने नारळ फोडला. पाणी मुलाच्या छातीपर्यंत होतं.

नवऱ्याने त्याला एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी त्याने निकाल सांगितला, "यंदा तांडेल तो. तू खलाशी." मी नवऱ्याच्या आमटीत चार दिवस मीठ घातलं नाही. तो तशीच जेवला. पाचव्या दिवशी मीच कंटाळले.

जीपवाल्याला मी अजून टोमणा मारते. तो म्हणतो, "काकी, झोप कोणी सांगितली?"

मुलगा तो हंगाम पुतण्याच्या हाताखाली गेला. पहिले दोन महिने घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. दोघं एकाच ताटाच्या दोन बाजूंना बसून जेवायचे आणि मीठ माझ्याकडून मागायचे. मग एकदा समुद्रात इंजिन बंद पडलं, आणि मुलाने ते तिथेच, होडी डोलत असताना, उघडून चालू केलं. त्याविषयी दोघांनीही मला काही सांगितलं नाही. खलाशांच्या बायकांकडून कळलं.

हंगाम संपल्यावर नवरा मुलाला म्हणाला, "पुढल्या वर्साला तू बघ." गाव काय म्हणेल याची पर्वा त्याला तेव्हा उरली नव्हती. मुलगा जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्याच्या हातात बरी चालते ती."

हे त्याने मनापासून म्हटलं की मन मारून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. नवरा गेल्यावर मी मुलाला एकदा सरळ विचारलंही. तो हसला आणि म्हणाला, "आये, तू मोजू नको." आता होडी परत येताना दिसली की मी दारात उभी राहते. सुकाणूवर पुतण्या असतो. मुलगा बहुतेक वेळा दिसतच नाही, खाली इंजिनाकडे असतो. धक्क्याला लागताना तो वर येतो, तोंडाला तेल लागलेलं, आणि दोर माझ्या नातीच्या दिशेने फेकतो. ती तो धरते. ती आता दहा वर्षांची आहे, आणि होडीत मला कधी नेणार, असं बापाला नाही, काकाला विचारते.